चौथ्या पेटीची खंडेनवमी

हे ऐकायचं असेल तर आधी हातातला चहा खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. माझ्या लेकीच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस मी याच दोन हातांनी, तेही हळदकुंकू वाहून, बंद पाडला!

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं त्या सालची गोष्ट. माझी शैला परभणीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. आम्ही जिंतूरला. गल्लीत कुणी "शैला काय करते हो?" असं विचारलं, की मी त्या माणसाला दहा मिनिटं सोडत नसे. कुणी विचारलं नाही, तरी सांगत असे!

तर तिनं काय केलं होतं? चार विभागांकडून चार कॉम्प्युटर मागून आणले, त्यांच्यात लिनक्स नावाचं नवंच काहीतरी घातलं आणि चौघांच्या पोटातली जागा जोडून एकच सामाईक कोठार उभं केलं. मला काही उमजेना. तेव्हा म्हणाली, "आई, समज, चार घरांत चार फडताळं हायत. पण तू आपल्या घरात एकच दार उघडायचं, की चारी घरांतलं सामान तुला तिथंच दिसतंय."

"म्हणजे शेजारणीचं लोणचंबी?"

"लोणचंबी!"

काय गुणाची माझी पोर!

प्राचार्य मात्र कुरकुरत होते. "दसऱ्याच्या सुट्टीआधी चालवून दाखवा, नाहीतर ज्याचा कॉम्प्युटर त्याला परत." आणि दाखवायचा दिवस आला नेमका खंडेनवमीचा.

मग मी घरी बसेन होय? आमच्याकडे त्या दिवशी विळीपासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्यांची पूजा होते. आणि एकदा पूजा झाली की त्या वस्तूनं त्या दिवशी विसावायचं, तिला कामाला लावायचं नाही. पूजेचं ताट मांडीवर घेऊन एस.टी.त बसले. वाटेतलं झरी गाव येईपर्यंत अर्धं कुंकू माझ्याच पदरावर!

"पूजा कर आई, पण चालू असलेल्याला हात लावू नको बरं का," कॉलेजात शिरताच शैलानं बजावलं.

ऐकलं मी! खोलीत तीन पडदे उजळलेले होते, त्यांना लांबूनच ओवाळलं. चौथी पेटी शेजारच्या खोलीत एकटी. तिला पडदा नाही, समोर खुर्ची नाही, नुसती घुरघुरत होती. म्हटलं, काम ना धाम, बिचारीला उगाच जागं ठेवलंय. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, "आता घे गं बाई विसावा," म्हणत बटण दाबलं. कशी शांत झाली!

इकडे येऊन बघते तर शैलाचा चेहरा पांढराफटक. तिन्ही पडदे जिथल्या तिथे थिजलेले.

"हं, पुढे?" प्राचार्य म्हणाले.

"सर, एक मिनिट..."

"तुमच्या कोठाराला आतून कडी लागली वाटतं!"

मी हात जोडले. डोळे मिटले. गणराया, हे विघ्न टाळ, अकरा मंगळवार धरीन! काही होईना. बरं, एकवीस!

शैला पुटपुटली, "चौथं मशीन जवाब देईना. सकाळपासून तर चालू होतं!"

"त्या खोलीतलं?" मी मदतीला धावले. "त्याला नको उठवू गं, त्याची पूजा झालीय!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"आई, काय केलंस तू?"

"काय न्हाई गं... निजवलं."

शैला पळाली. फूल उचलून तिनं बटण दाबलं. पेटी जागी झाली, बराच वेळ स्वतःशीच काहीतरी तपासत बसली, आणि काय सांगू, इकडे तिन्ही पडदे जिथे थांबले होते तिथून आपोआप पुढे चालू! प्राचार्यांनी कोठारात ठेवलेली स्वतःची पत्रं उघडून पाहिली. एक ओळ हरवली नव्हती.

"अशी मधेच पेटी बंद पडूनही सगळं शाबूत?" ते म्हणाले. "राहू द्या चारी तुमच्याकडेच. आणि ताई, परीक्षा मात्र तुम्ही कडक घेतलीत!"

मी अशी फुलले, जणू सगळं ठरवूनच केलं होतं!

एकवीस मंगळवार मी इमानानं केले. शेजारणी विचारायच्या, "पावला का हो गणपती?"

पावला तर! त्यानं विघ्न टाळलं. पूजेच्या ताटासकट संध्याकाळच्या एस.टी.त बसवून त्या विघ्नाला जिंतूरला परत पाठवून दिलं.