हॉलभर लालबाग

गेल्या एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा संपली, पण शाळा चालूच राहिली. निकालाला आठ दिवस होते. वरून हुकूम असा, की मुलांना घरी बसू द्यायचं नाही, रोज बोलवायचं आणि आनंददायी उपक्रम घ्यायचे. माझ्याकडे दुसरीचा वर्ग होता, बावीस मुलं. लालबागमधल्या आमच्या मराठी शाळेत हल्ली एका वर्गात एवढीच असतात.

शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उपक्रमांच्या याद्या फिरत होत्या. मी त्यातले तीन निवडले आणि रविवारी घरी बसून तयारी केली. सोनेरी कागदाच्या पट्ट्या कापल्या, झाडाच्या फांद्या कापल्या, बावीस पानं कापली. सोमवारी मुकुट झाले. मला वाटलं होतं दिवस जाईल, मुलांनी अर्ध्या तासात उरकलं. मधल्या सुट्टीत पाहिलं तर एका मुकुटात शेव होती आणि चौघं त्यातून खात होते. मंगळवारी मैत्रीचं झाड झालं. बुधवारी सकाळी माझ्याकडचं सगळं संपलेलं, आणि वर्गात भांडण लागलेलं.

भांडण असं, की सगळ्यात लांबून कोण येतं.

काळाचौकीहून येणारा एक मुलगा म्हणत होता, तो. चिंचपोकळीच्या पुलापलीकडून येणारी एक मुलगी म्हणत होती, ती. दोघंही आईचं बोट धरून चालत येणारी.

"बाई, हा एकच सिग्नल क्रॉस करतो. मी पूल चढते आणि उतरते."

"पूल मोजायचा नसतो. पूल सरळच असतो."

मी खडूंचा डबा घेतला, सगळ्यांना रांगेत खालच्या हॉलमध्ये नेलं आणि म्हटलं, "मधोमध आपली शाळा काढा. मग प्रत्येकानं आपलं घर काढून दाखवा. बघू कोण लांब आहे ते."

आमचा हॉल लांबट आहे, जुन्या काळ्या फरशीचा. खडू त्यावर छान उमटतो. पण पहिल्या तासात जे झालं ते नकाशा नव्हताच. प्रत्येकानं आपलं घर शाळेपेक्षा मोठं काढलं. बावीस घरं, त्यांना बावीस दारं आणि बावीस पंखे. एकानं आपल्या घरासमोर बाबांची बाईक काढली, ती दुसऱ्याच्या गच्चीवर गेली. रस्ता काढायला कुणाला जागाच उरली नाही. मोठा रस्ता, म्हणजे आपला आंबेडकर रोड, तिघांनी तीन दिशांना काढला आणि तिघंही आपापल्या रस्त्यावर उभे राहून ओरडत होते.

मी कडेच्या बाकावर बसून होते. खरं सांगायचं तर मी घड्याळ बघत होते.

तेव्हा एक मुलगी माझ्याजवळ आली. दोन वेण्यांची, बारीक आवाजाची. वर्षभर ती तिसऱ्या बाकावर खिडकीजवळ बसली. विचारलं तर उत्तर द्यायची, न विचारता कधी बोलली नाही. प्रगतिपुस्तकातल्या वर्णनात्मक नोंदी मी आदल्याच आठवड्यात लिहून टाकल्या होत्या आणि तिच्यापुढे लिहिलं होतं, 'शांत आहे. सहभाग कमी.'

ती म्हणाली, "बाई, वरून असं नाही दिसत."

"कुठून वरून?"

"अडतीसवरून."

मला कळेना. मग तिनं सांगितलं. तिची आई एका टॉवरमध्ये घरकामाला जाते. दिवाळीच्या सुट्टीत घरी कुणी नव्हतं म्हणून आई तिला तीन दिवस बरोबर घेऊन गेली. लिफ्टमध्ये अडतीस दाबायचं. वर जाताना कान बंद होतात. तिथे आई काचा पुसायची आणि ही पाण्याची बाटली धरून उभी राहायची. एका दिवशी हॉलच्या काचा, दुसऱ्या दिवशी किचनच्या, तिसऱ्या दिवशी बेडरूमच्या.

"मग वरून कसं दिसतं?" मी विचारलं.

"काढू?"

मी मुलांना कडेला बसवलं. मावशींना, म्हणजे आमच्या शाळेत साफसफाई बघतात त्या बाईंना, हाक मारली. त्या ओला पोछा घेऊन आल्या, बावीस घरांकडे बघून मालवणीत म्हणाल्या, "ह्यां सगळां पुसूक माका किती येळ लागतलो, ठावक आसा?" पण पुसलं त्यांनीच. पंख्याखाली फरशी वाळली.

त्या मुलीनं हॉलच्या एका टोकाला जाऊन पांढरा खडू टेकवला आणि वाकून, मागे मागे सरकत, दुसऱ्या टोकापर्यंत एक रेघ ओढली. सरळ नव्हती. मध्ये थोडी वळली, पुन्हा सरळ झाली. "हा मोठा रस्ता," ती म्हणाली. मग तिच्या डाव्या हाताला दुसरी रेघ, तिला आडव्या बारीक रेघा. "हे रूळ." रूळ वर परळच्या अंगाला रस्त्यापासून लांब होते आणि खाली भायखळ्याकडे येता येता रस्त्याच्या जवळ जवळ आले. हे तिनं मुद्दाम केलं का, मला कळलं नाही. मी मोबाइलवर नकाशा उघडला, बोटांनी मोठा केला. रूळ आणि रस्ता तसेच होते. खाली जवळ येत जाणारे.

मी बाकावरून उठून तिच्या मागे जाऊन उभी राहिले.

मी गिरगावातल्या चाळीत वाढले, दुसऱ्या मजल्यावर. लग्नानंतर दादरला, तिसऱ्या. या शाळेत मला बावीस वर्षं झाली. मी हा भाग माझ्या उंचीवरून पाहिला आहे, दुकानांच्या पाट्या, खांब, माणसांचे खांदे. वरून तो कसा असेल हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आणि ही सात वर्षांची मुलगी, हातात पाण्याची बाटली घेऊन तीन दिवस उभी राहिली आणि तिनं सगळं उचलून आणलं.

"इथे मोठ्या रस्त्यावर पूल," ती म्हणाली. "वरून पूलच दिसतो. खालचा रस्ता नाही दिसत."

यावर मुलांची मोठी चर्चा झाली. पूल काढला तर खालचा रस्ता कुठे काढायचा? चिंचपोकळीच्या मुलीनं दोन बुटके बाक आणून रस्त्याच्या लांबीनं ठेवले. झाला पूल. खालून रस्ता जाऊ लागला. काळाचौकीवाला पोटावर झोपून खालून सरपटत गेला आणि म्हणाला, जाता येतं.

मग वेण्यांच्या मुलीनं शाळा दाखवली. केवढीशी, माझ्या तळहाताएवढी. मला वाटलं मुलं नाराज होतील. झाली नाहीत. "आता घरं काढा," ती म्हणाली, "पण छोटी." आणि त्या दिवशी, त्यानंतरचे दोन दिवस, बावीस मुलांनी त्या रेघांच्या मधलं लालबाग भरलं.

त्यांना जे माहीत होतं ते ऐकून मी थक्क झाले. गल्ल्यांची नावं त्यांना फारशी येत नव्हती, पण कुठे एसीचं पाणी डोक्यावर पडतं ते ठाऊक होतं. तिथे निळा ठिपका. कुठली मांजर कुठल्या स्कूटरवर बसते. मिरची कांडायच्या दुकानांपुढून श्वास धरून जायचं, आणि तो किती पावलांपर्यंत धरायचा. तिथे त्यांनी लाल खडू चुरून टाकला आणि लाल भागाच्या दोन्ही टोकांना रेघ मारली, इथून धरायचा, इथे सोडायचा. एकजण म्हणाला अठरा पावलं, दुसरी म्हणाली माझी बावीस होतात. एकाच्या गल्लीला दुसऱ्याची गल्ली बरोबर येऊन मिळत होती. "अरे, हे तुझं आहे? मी याच्या मागेच राहतो." वर्षभर शेजारी बसलेली दोन मुलं एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहतात हे त्यांना त्या फरशीवर कळलं.

लांब कोण राहतं ते मोजायचं सगळे विसरले.

तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, नकाशा जवळजवळ भरला होता. दोन्ही कडांना, भिंतीपाशी, काळी फरशी उरली होती. ती मुलगी निळा खडू मागायला आली.

"कशाला गं?"

"पाणी राहिलं."

तिनं खडू आडवा धरला आणि रुळांच्या पलीकडच्या भिंतीपाशी निळं घासायला सुरुवात केली. ते सगळ्यांना पटलं. जिथे गणपती जातो तो समुद्र. मग ती उठली, हॉल ओलांडून समोरच्या भिंतीपाशी गेली आणि तिथेही निळं घासू लागली.

"ए, तिकडे नसतो समुद्र," काळाचौकीवाला म्हणाला. त्याचं घर त्याच बाजूला होतं, त्याला बोलायचा हक्क होता. "मी तिकडेच राहतो. तिकडे समुद्र नाही."

"आहे. किचनमधून दिसतो. त्यात मोठ्या बोटी आहेत. त्या हलत नाहीत."

"मग चौपाटीचा?"

"तो तिथल्या हॉलमधून दिसतो. आई चहा करते तेव्हा तो चमकतो. हा नाही चमकत."

मुलं एकदा या भिंतीकडे बघत होती, एकदा त्या. मलाही बघावंसं वाटलं आणि मी बघितलं. मुंबईच्या दोन्ही बाजूंना पाणी आहे हे मला माहीत आहे, मी ते शिकवलं आहे, फळ्यावर काढलं आहे. पण त्या क्षणी, दोन निळ्या पट्ट्यांच्या मध्ये उभं असताना, मला पहिल्यांदा वाटलं की आपण किती बारीक जमिनीवर उभे आहोत. एवढी घरं, एवढे टॉवर, ती लाल मिरची, ते रूळ, सगळं त्या दोन पाण्यांच्या मध्ये.

चिंचपोकळीची मुलगी हळूच म्हणाली, "बाई, म्हणजे आपण पाण्याच्या मधे राहतो?"

"हो."

"आणि हे पाणी त्या पाण्याला लागतं?"

मी उत्तर देणार होते. पण सगळी मुलं वेण्यांच्या मुलीकडे बघत होती, माझ्याकडे नाही. तिनं डोळे मिटून आठवून बघितलं. मग म्हणाली, "ते मला दिसलं नाही."

मी पंचवीस एक वर्षं शिकवते आहे. जे दिसलं तेवढंच सांगायचं आणि जे नाही दिसलं ते नाही म्हणायचं, हे मोठ्या माणसांनाही जमत नाही. मला तर अजिबात नाही. मी मग सांगितलं की हो, खाली कुलाब्याच्या टोकाला दोन्ही पाणी भेटतात. तिनं मान डोलावली आणि हॉलच्या खालच्या टोकाला जाऊन निळ्याला निळं जोडलं. सगळी मुलं खडू घेऊन तिच्या मागे गेली.

त्या संध्याकाळी मी तिचं प्रगतिपुस्तक काढलं आणि ती नोंद खोडली. नवीन काय लिहावं ते बराच वेळ सुचेना. रकाना दोन ओळींचा. शेवटी लिहिलं, 'पाहते. पाहिलेलं लक्षात ठेवते. इतरांना दाखवते.' मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं, हे काय लिहिलंय. मी त्यांना हॉलमध्ये घेऊन गेले. त्या चपला काढून आत आल्या. नोंद तशीच राहिली.

निकालाच्या दिवशी पालक आले. मुलांनी आधीच ठरवलं होतं की सगळ्यांनी रस्त्यावरूनच चालायचं, घरांवर पाय द्यायचा नाही. मोठी मोठी माणसं गुपचूप एका रेषेत चालत होती, बाकांच्या पुलाला वळसा घालून. एक बाबा आपल्या बिल्डिंगपाशी उकिडवे बसून शेजाऱ्यांची नावं वाचत राहिले.

तिची आई उशिरा आली, कामावरून तशीच. खांद्याला पर्स, हातात डब्याची पिशवी. मुलीनं तिला हाताला धरून नकाशावरच्या टॉवरपाशी नेलं. "तू इथे असतेस," ती आईला म्हणाली. "आणि आपण इथे राहतो. तू अशी येतेस." ती रस्त्यावरून पावलं टाकत आईच्या पुढे चालली, आई मागे. मग दोन्ही पाणी दाखवलं.

आईनं विचारलं, "हे तू कुठून पाहिलंस?"

"तू काचा पुसत होतीस तिथून."

त्या बाई माझ्याकडे वळल्या. हसल्या, पण डोळे भरले होते. "बाई, सहा वर्षं त्या काचा पुसते मी. मला काचेवरचे डाग दिसतात. पलीकडे बघायचं डोक्यातच आलं नाही कधी."

मी म्हटलं, "माझंही तसंच आहे." ते सांत्वन नव्हतं.

पालक गेल्यावर मावशी बादली घेऊन हॉलच्या दारात आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. सोमवारी त्या हॉलमध्ये शिबिर होतं, पुसणं भाग होतं. "बाई, मिया पण बसूं काय जरा?" त्यांनी विचारलं. आम्ही दोघी बाकांच्या पुलावर बसलो. त्यांनी त्यांची खोली शोधली, शाळेच्या मागच्या गल्लीत. कुणीतरी ती काढली होती, दारापाशी तुळस काढली होती, हिरव्या खडूनं. कुठल्या मुलानं काढली असेल ते त्यांना कळलं नाही, मलाही नाही.

जूनमध्ये माझा वर्ग तिसरीत गेला, दुसऱ्या बाईंकडे. जुलैत एकदा शाळा सुटताना त्या मुलीची आई गेटपाशी दिसली. मला बघून थांबली.

"बघितलं मी," ती म्हणाली. "आता रोज बघते. पावसात तिकडचं काही दिसत नाही, सगळं पांढरं. मग थोडं उघडलं की आधी बोटी दिसतात." मग म्हणाली, "तुम्हाला न्यायची फार इच्छा आहे बाई. पण वर कोण येणार ते गेटवर लिहावं लागतं, मालकांना फोन जातो."

"असू दे हो," मी म्हटलं. "तुम्ही सांगत जा मला."

तेव्हापासून ती सांगते. आठवड्यातून एकदा तरी, गेटपाशी दोन मिनिटं. काल म्हणाली की सकाळी एक बोट निघून गेली, आणि ती जिथे उभी होती तिथलं पाणी तिला रिकामं वाटलं.