रिकाम्या जागेवरची चिठ्ठी

नोकरीत खून-दरोडे पुष्कळ पाहिले, पण निवृत्तीनंतरही मनातून जात नाही ती एका वहीची तक्रार.

नगरमधल्या एका जुन्या कॉलेजचे प्राचार्य आमच्या पोलीस ठाण्यात आले. रेकॉर्ड रूममधून स्वातंत्र्याआधीचं प्रवेश रजिस्टर गेलं होतं. गहाळ नोंद करून विषय मिटला असता, पण त्यांच्यामागे पारनेरकडचा एक शेतकरी उभा होता. त्याच्या मुलीला मेडिकलची सीट मिळाली होती आणि सोमवारी जात पडताळणी समितीपुढे सुनावणी होती.

"साहेब, माझ्या आज्याची जात फकस्त त्याच वहीत लिव्हलीय. ती घावली न्हाई तर पोरीची सीट जाईल."

तो गुरुवार होता. मी त्याला म्हटलं, वही आणून देतो.

दुपारीच खबऱ्याने सांगितलं, की कॉलेजचा नवा कारकून एका पुढाऱ्याच्या माणसाबरोबर चहा पिताना दिसला. जातीच्या खोट्या दाखल्यांसाठी जुन्या नोंदींत फेरफार करू पाहणारे तेव्हा फिरतच होते. मी कारकुनाला बोलावलं आणि दोन दिवस ठाण्यातल्या बाकावर बसवून तोच तो प्रश्न विचारला. तो रडकुंडीला आला, पण उत्तर बदलेना. खोटं बोलणारा दर वेळी काहीतरी वाढवून सांगतो; हा दर वेळी कमीच बोलत होता.

शनिवारी त्यालाच घेऊन रेकॉर्ड रूम गाठली. पंचनामा माझ्या हवालदाराने दारातूनच उरकला होता आणि मी त्यावर डोळे झाकून सही ठोकली होती. आता कपाट उघडलं तर वहीच्या रिकाम्या जागी पार मागे, सहज न दिसेल अशी एक चिठ्ठी उभी होती. वहीचा क्रमांक, आठवड्यापूर्वीची तारीख, वळणदार अक्षर.

"हे काय?"

"जुने रेकॉर्ड कीपर वही काढली की जागेवर चिठ्ठी ठेवायचे, साहेब. निवृत्त झालेत, तरी अधूनमधून मदतीला येतात."

चोरी करतानाही शिस्त न सुटलेला चोर मी पहिल्यांदाच पाहत होतो.

हे रेकॉर्ड कीपर जवळच भिंगारला राहत. त्यांनी काही लपवलं नाही. पुढाऱ्याचा माणूस त्यांच्याकडेही येऊन वही दोन दिवसांसाठी मागत होता. नवा कारकून दबावाला बळी पडेल, या भीतीने त्यांनी ती घरी आणली होती.

"अटक करा, पण वही देणार नाही."

मी आवाज चढवला. ते ढिम्म हलले नाहीत. शेवटी त्यांना त्या मुलीच्या सुनावणीचं सांगितलं.

ते उठून कोपऱ्यातल्या पेटीपाशी गेले. "मला वाटलं, ही वही खोटं लिहिणाऱ्यालाच हवी असते. खरं वाचायलाही कुणी येईल, हे डोक्यातच आलं नाही."

मग पेटी उघडून त्यांनी कापडात बांधलेली वही माझ्या हाती दिली. सोमवारी ती समितीपुढे गेली आणि मुलीची सीट वाचली. प्राचार्यांनी तक्रार वाढवली नाही.

रेकॉर्ड कीपरचं ते बोलणं मात्र मला झोंबलं. ठाण्याची पायरी चढणारा प्रत्येक जण काहीतरी लपवतोय, असं धरूनच मी उभी नोकरी केली होती. माणसावर आधी संशय घेतला, कपाट मागाहून उघडलं. कारकुनाची मी सगळ्यांसमोर माफी मागितली. "असू द्या साहेब," तो म्हणाला. पण बाजारात मी दिसलो, की आजही तो रस्ता ओलांडून पलीकडे जातो.