मेथीपाशी अडणारी फिल्म

आमच्या मागच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर आहे. वजनाला गव्हाच्या पोत्याएवढा, रंगाने पिवळट आणि स्वभावाने थेट माझ्या सासऱ्यांवर गेलेला, म्हणजे अडला की अडला. सत्तावीस वर्षांपूर्वी मी चंदीगडच्या एका शिक्षणसंस्थेत दृक्श्राव्य विभागात होते, तेव्हा त्याच्यावर व्हिडिओ एडिट करायचे. विभागाने तो भंगारात काढला तेव्हा मी हट्टाने घरी आणला. घरच्यांनी तेव्हाच हात जोडले होते. यंदा मार्चमध्ये मी त्याच्यावरची चादर काढली, कारण लेकीशी माझं भांडण झालं.

लेक मोहालीत राहते, तिथेच एका आयटी कंपनीत आहे. मराठी तिला सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत. मला मात्र हिंदीतही 'तू'च म्हणते. तिच्या पंजाबी सासरी आईला 'आप' म्हणायची पद्धत, त्यामुळे पहिल्यांदा तिचं ते 'तू' ऐकून तिच्या सासूबाई दचकल्या होत्या. तिची मुलगी तीन वर्षांची झाली आणि एक दिवस ही सहज म्हणाली, "छोटी के लिए ऑनलाइन मराठी टीचर लगाई है."

"अगं, आणि मी काय मेले का?" मी म्हटलं.

"आई, तूने मुझे ही कब सिखाई?"

हे मला फार लागलं. पाच वर्षांची असताना ही पोरगी मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात भाजीवाली झाली होती. डोक्यावर टोपली घेऊन काय खणखणीत मराठी बोलली होती. फिल्म मीच घेतली, मीच एडिट केली, कॅसेट करून साताऱ्याला माहेरी पाठवली. तिकडे सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं. आमच्याकडच्या कॅसेटला पुढे बुरशी लागली, पण मूळ फिल्म या कॉम्प्युटरमध्ये होती. हातच्या काकणाला आरसा कशाला. म्हटलं, ये रविवारी, दाखवतेच तुला.

आधी तो सुरूच होईना. आतला बटणासारखा सेल मेला होता, त्यामुळे कॉम्प्युटर स्वतःची तारीखच विसरला होता. सेल बदलला. मग सुरू झाला, कण्हत कण्हत फिल्म उघडली आणि चालायलाही लागली. पडदा सरकला, भाजीवाली आली, तिने टोपली खाली ठेवली, मेथीची जुडी उचलली, तोंड उघडलं आणि चित्र थिजलं. फ्रेम सुटल्या, प्लेबॅक थांबवला आहे, असा निरोप आला. पुन्हा लावलं. पुन्हा मेथी.

पुढचे चार दिवस माझ्या नाकी नऊ आले. सगळ्या केबली काढून, पुसून पुन्हा लावल्या. डिस्कवरच्या विखुरलेल्या फायली आवरायला लावल्या, त्यात अख्खी दुपार गेली. चित्र लहान केलं. डबा तापत असेल म्हणून झाकण काढून टेबलफॅन लावला. एकदा चित्र पुढे सरकलं, तर आवाज उचकी लागल्यासारखा तुटून तुटून आला. बाकी सगळं नाटक बिनबोभाट चालायचं, सरपंच चालायचा, गाढव चालायचं, माझीच पोरगी तेवढी अडायची. मी त्या यंत्राला जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. रविवारी लेक आली, तीन वेळा थिजलेली मेथी बघितली आणि "छोड़ ना, आई," म्हणून निघून गेली. तिला वाटलं असणार, आई सबबी सांगतेय. या विचाराने माझा जास्तच तिळपापड झाला.

इंडस्ट्रियल एरियात एक म्हातारे सरदारजी जुनी व्हिडिओ यंत्रं दुरुस्त करतात. मोबाइलवर त्या निरोपाचा फोटो घेऊन मी त्यांच्याकडे गेले आणि अर्धा तास यंत्राच्या नावाने बोटं मोडली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मशीन नूं गालां ना कड्ढो, मैडम जी. इक-इक ट्रैक बंद करके वेखो. जिहनूं बंद कीतेयां चल पवे, ओही चोर."

यंत्राला शिव्या देऊ नका, चित्राचा, आवाजाचा एकेक ट्रॅक बंद करून बघा, जो बंद केल्यावर गाडी चालते तोच चोर. हे मी स्वतः वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. मान खाली घालून घरी आले.

पुढच्या रविवारी लेकीला पुन्हा बोलावलं. ती पलंगावर मोबाइल बघत बसली. मी कामाला लागले. मेथीच्या जागी आवाजाचे दोन ट्रॅक होते. एक कॅमेऱ्याचा, तो बंद करून ठेवलेला. त्याच्याखाली दुसरा, तो कसला होता ते मला आठवेना. मी खालचा बंद केला, कॅमेऱ्याचा उघडला आणि फिल्म लावली. ती अडली नाही.

"ताजी मेथी घ्या, बाई," पोरगी म्हणाली. "और भेंडी भी है जी."

सभागृह खो खो हसलं. पोरगीही हसली. टोपली हलवून तिने पुन्हा म्हटलं, "भेंडी भी है जी," आणि टाळ्या पडल्या. मग ती कॅमेऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे, धावत आली आणि म्हणाली, "आई, बघ ना, सगळे हसले."

मग मला सगळं आठवलं. पुण्याहून बदलीवर आलेल्या अधिकाऱ्यांच्या बायका हसल्या म्हणून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. दुसऱ्या दिवशी विभागात दार लावून, आवाज बारीक करून, मी स्वतः भाजीवालीचं शुद्ध मराठी टेपरेकॉर्डरवर बोलले आणि तिच्या चित्राखाली चिकटवलं. ते रेकॉर्डिंग वेगळ्या मापाचं होतं, कॅमेऱ्याच्या आवाजाशी जुळत नव्हतं. तेव्हा कसंबसं निभावलं, आता यंत्राला ते झेपेना. साताऱ्याला सगळ्यांनी वाखाणला तो माझा आवाज. आणि मी खरोखरच विसरले होते.

लेकीने मोबाइल कधीच खाली ठेवला होता.

"ये वाला मुझे याद है," ती म्हणाली. "कितना मज़ा आया था. कैसेट में तो कोई और बोल रहा था. मैंने तुझसे पूछा भी था."

"मग मी काय म्हटलं?"

"तूने कहा, यही सही वाला है."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडले असते. पाचव्या वर्षी हिला मराठी येत होतं, एवढंच मला सिद्ध करायचं होतं. ते झालं. ते तिच्या तोंडातून कुणी काढून घेतलं, तेही समोरच दिसत होतं.

"चुकलं गं माझं," मी म्हटलं.

"कोई बात नी, आई," ती म्हणाली. "फिर से लगा."