माती माहेरी येते तेव्हा

सटाण्याकडच्या डोंगरउतारावर आमचं गाव. आमचं रान इतकं धुपलं होतं की नांगर घातला की ठिणग्या उडत, आणि दादा, म्हणजे माझे वडील, त्यांवर बिडी पेटवून घेत. काडेपेटी वाचली, एवढंच त्या रानाचं उत्पन्न. पेरलेलं बी टणकन उडून शेजाऱ्याच्या रानात जाई आणि तिथूनही परत येई, कारण त्याचंही रान तसलंच. मी नोकरीमुळे नाशिक रोडला राहतो. माझ्या गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत दादांच्या अख्ख्या रानापेक्षा जास्त माती होती, हे मी त्यांना कधी कळू दिलं नाही.

माती गेली कुठं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. खाली पायथ्याच्या गावात, त्यांच्या तळ्यात. उन्हाळ्यात तळं आटलं की ती मंडळी गाळ उपसून आपल्या मळ्यांत पसरत. त्यांच्या डाळिंबांवर चढलेली लाली बघून दादा म्हणत, "रंगरूप आपल्या घराण्याचं हाय."

यंदा दादांनी हट्टच धरला. पावसाआधी ती माती परत आली नाही, तर रान विकायचं आणि कायमचं माझ्याकडे राहायला यायचं. दादा आणि त्यांची बिडी, तिसऱ्या मजल्यावर! जमिनीच्या धुपीचा प्रश्न एकाएकी माझ्याही जिव्हाळ्याचा झाला.

सुदैवाने संयुक्त समिती होतीच. दोन्ही ग्रामपंचायती, शेतीखातं, एक कॉलेज आणि एक संस्था. खात्याकडे जेसीबी होता, डिझेल नव्हतं. संस्थेकडे डिझेल होतं, पण ठरावाशिवाय थेंब द्यायची नाही. ठरावाला खालच्या गावचे सरपंच हवे होते, आणि ते म्हणत, "माती तळ्यात, तळं आमच्या हद्दीत. विषय संपला." कॉलेजच्या सरांनी एका बाटलीत आमच्या रानातली चिमूटभर माती, दुसरीत तळ्यातला गाळ आणला आणि दोन्ही एकाच डोंगराचे असल्याचं सिद्ध केलं. टाळ्या पडल्या. मग कामाच्या फलकावर कोणाचं नाव आधी, यावर इतकी चर्चा रंगली की ताटातल्या भज्यांना बुरशी आली.

शेवटची बैठक खालच्या गावात, देवळापुढे, आखाजीच्या तोंडावर झाली. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेली लेक माहेरी येते. सासू कितीही खाष्ट असो, त्या सणाला नाही म्हणायची तिची छाती नाही. माझी आत्या त्याच गावात दिलेली. ती बायकांमधून उठली.

"सरपंच, माटी आमनी शे, हे सरांनी बाटलीत दाखवलं. खरं ना?"

"खरं, आक्का."

"मग ती आमच्या गावची लेक. इतकी वर्षं तुमच्याकडं नांदली, तुमचे मळे पिकवले. आखाजी आलीये. धाडताय का माहेरी?"

सरपंच हसले. "धाडतो की! आणि सण झाल्यावर?"

"ते तिचं ती बघंल. तिला नाय धाडलं, तर आम्ही सगळ्या माहेरी जातो. ती तिथं आल्याबिगर आम्ही परत नाय यायच्या."

त्या गावातल्या निम्म्या सुना आमच्याकडच्या. सरपंचांची बायकोही त्यातलीच. ती पदर खोचून उभी राहिली. सरपंचांना डोळ्यापुढे थंड चूल दिसली असावी. ठराव असा सुसाट झाला की लिहिणाऱ्या साहेबांच्या पेनातून धूर निघाला.

आखाजीला ट्रॅक्टर निघाले. पहिल्या ट्रॉलीला हळदकुंकू लावून बायकांनी तिची ओटी भरली. दादांच्या रानात माती पडली, आणि कॉलेजची पोरं उतारावर बांध घालू लागली. खालच्या गावचे लोकही फावडी घेऊन वर आले. आत्याने त्यांना विचारलं होतं, "दरसाल तीच येऊन तळ्यात बसली, तर पाणी कुठं बसंल?"

मग पाऊस असा कोसळला की बेडूक आडोसा शोधत घरात शिरले. दादा पोतं पांघरून बांधावर उभे. मी मागे छत्री धरून, माझ्या फ्लॅटच्या काळजीत. तेवढ्यात दादांना आत्याचा फोन आला.

"भाऊ, सरपंच तळ्यावर उभे हायेत. पाणी नितळ येतंय. विचारताहेत, सूनबाई कधी यायची?"

दादांनी पाय हलवून पाहिला. तो घोट्यापर्यंत चिखलात रुतला होता.

"त्यांना म्हणावं, बाळंतपणाला ठेवून घेतलीये. पोटात मका हाय."

फोन माझ्या हातात देऊन ते छत्रीखाली सरकले, तोंडात बिडी धरली, आणि जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे काडेपेटी मागितली.