बैल मारका नव्हता

लढाई संपली होती, पण पेट्रोलचे रेशनिंग संपले नव्हते. त्यामुळे माझे मेहुणे बापूराव आम्हां उभयतांना सांगलीला न्यायला साताऱ्यास आले, ते कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार घेऊन. मोटारीच्या पाठीमागे डाव्या अंगाला कोळसा जाळून गॅस करणारा एक बंब जोडलेला होता. ही मोटार सपाटीवर बरी पळे, चढावर तिला धाप लागे. तिच्यावरचा कापडी टप मात्र नवा कोरा होता आणि बापूराव त्याच्याविषयी फार बोलत.

माहेरी जाताना वाटेत औंधच्या यमाईचे दर्शन घ्यायचे, हा आमच्या सौभाग्यवतींचा नेम. त्यात जत्रेचे दिवस. सकाळच्या गारठ्यात आम्ही निघालो. दोन्ही बाजूंना शाळू (रब्बीची ज्वारी) छातीइतका वाढला होता. रहिमतपूरजवळ एका मळ्यात लसणाच्या चटणीबरोबर हुरडा खाल्ला. बापूरावांनी इतका खाल्ला की गाडीला आता आणखी कोळसा लागेल, असे सौ. म्हणाली.

औंधच्या अलीकडच्या चढावर मोटार दमून थांबली. हातब्रेक कुचकामी असल्यामुळे ती थांबली की मागच्या चाकाला दगड लावावा लागे. ते काम माझ्याकडे होते. मी दगड घेऊन उतरलो, तर समोरच मैलाचा दगड दिसला. कोळशाच्या एका पोत्यात मोटार किती मैल जाते, याचे मला सकाळपासून कुतूहल होते. मी तिथेच उभा राहून हिशेब करू लागलो. दगड लागलाच असणार, या भरवशावर बापूरावांनी बंब ढवळायला उतरण्यासाठी ब्रेकवरचा पाय काढला.

"अहो, गाडी!" सौ. आतून ओरडली.

मोटार माझ्या शेजारून मागे चालली होती. बापूरावांनी पुन्हा ब्रेक दाबला, पण तोवर आमच्यामागून येणाऱ्या एका बैलाचे शिंग टपातून आरपार गेले होते.

बैल खिलारी, पांढराशुभ्र, शिंगांना हिंगुळाचा लाल रंग. त्याला कासऱ्याने धरून एक शेतकरी बाजाराला निघाला होता. त्याचे नाव गणपत. बिचारा बैल शिंग अडकलेले असूनही हलला नाही. आम्ही टप सोडवला. शिंगाचे टोक चिरले होते आणि टपाच्या भोकाभोवती लाल रंग लागला होता.

जत्रेकरू जमलेच.

"बैल मारका हाय गड्या! मोटारीला भिडला!"

"आवं न्हाई, मोटारच मागं आली," गणपत म्हणाला.

"व्हय तर! मोटार उलटी पळती, आन् बैल उभा ऱ्हातो!"

सगळे हसले. बापूराव टपाच्या भोकात बोट घालून पाहत होते. माझ्या हातात अजून दगड होता.

"तो खरे सांगतोय," मी म्हणालो. "हा दगड चाकाला लावायचे काम माझे होते. मी लावला नाही."

"दगड हातात आणि डोळे मैलाच्या दगडावर!" सौ.ने दुजोरा दिला.

लोक पांगले. मला वाटले, विषय मिटला. पण गणपतचा चेहरा उतरलेलाच होता. भावांच्या वाटणीत त्याच्याकडे हा एकच बैल, हरण्या, आला होता. एका बैलाने नांगर चालत नाही, म्हणून तो विकून लहान खोंडांची जोडी घ्यायची होती. "बैल मारका हाय असं बाजारात झालं, तर ह्याला कोन हात लावंल? तुमी बोलायच्या आधी म्होरं गेली ती मानसं सांगतच गेली असतील."

तसेच झाले होते. डोंगरावर दर्शन घेऊन आम्ही खाली आलो, तर बैलबाजारात हरण्याभोवती मोकळी जागा होती. येणारे-जाणारे लांबूनच दाखवत, "ह्योच त्यो मोटारफाड्या!"

"दाजी, उजेडात सांगली गाठायची आहे," बापूराव म्हणाले.

"गाठू," मी म्हणालो, आणि गणपतजवळ जाऊन उभा राहिलो.

शेवटी एक गिऱ्हाईक थांबले. माणदेशातला, पलटणीतून सुटून आलेला हवालदार. त्याने दात पाहिले, खूर पाहिले, मग चिरलेले शिंग पाहिले. मी सगळी हकिकत सांगितली.

"तुमी दलाल काय?"

"नाही. चूक माझी, म्हणून सांगतो."

"रिपोर्ट तर चांगला दिला. बैल मारका न्हाई म्हनता, तर धरा शिंगं."

वसुबारसेला गाईच्या पाठीवरून हात फिरवण्यापलीकडे माझा गुरांशी संबंध नाही. पण आता मागे सरलो असतो, तर गणपतचा सौदा गेला असता. मी दोन्ही हातांनी शिंगे धरली. हरण्याने लांब श्वास सोडला आणि माझ्या कोटाची बाही चाटायला सुरुवात केली. बघे हसले, हवालदारही हसला.

"आता मालक, तुमी सांगा. बैलाची खोड काय?"

खोड (वाईट सवय) सांगूनच बैल विकायचा, अशी गणपतच्या घरची रीत होती. तो घुटमळला, मग म्हणाला, "एक हाय. पान्यात घातला की बसतो. वढा आला की उठवता उठत न्हाई."

मी कपाळाला हात लावला. एवढे सगळे करून याने स्वतःच सौदा मोडला!

हवालदार मोठ्याने हसू लागला. "आरं गड्या, आमच्या मानदेशात पानी हाय कुठं? बसू दे की बसला तर!"

सौदा तिथेच झाला. अंधार पडल्यावर आम्ही सांगलीला पोहोचलो.

सांगलीत कृष्णेकाठी फिरलो, गणपतीच्या देवळात गेलो, हळदीचा बाजार पाहिला, रोज वांग्याचे भरीत आणि बाजरीची भाकरी खाल्ली. प्रत्येक पंगतीला बापूराव टपाच्या भोकाची गोष्ट सांगत आणि "चूक दाजींची!" इथे थांबून माझ्याकडे पाहत. चढावर एकदा कबूल करणे सोपे होते; ते रोज जेवताना ऐकणे जास्त जड गेले. तरी मी भाकरी कमी खाल्ली नाही.

परत साताऱ्यास उतरलो, तेव्हा शेजाऱ्यांनी विचारले, "टपाला काय झाले?"

"बैलाचे शिंग लागले," मी म्हणून गेलो.

यातला शब्द न् शब्द खरा होता. तरी शेजारी लगेच म्हणाले, "ही जनावरे फार माजतात हो!" तेव्हा मी हातातली पिशवी खाली ठेवली आणि त्यांना आधी मोटारीचे सांगितले, मग माझे, आणि सगळ्यांत शेवटी बैलाचे.