तुकडीत चौघांनाच जागा

मी गेम खेळते. वय अडतीस, बी.कॉम., आमच्या सगळ्या गोतावळ्यातली पहिली पदवीधर, अंधेरीला एका विमा कंपनीत दावे तपासते, आणि सुट्टीच्या दिवशी लॅपटॉपवर गेम खेळते. यात लाजण्यासारखं काय आहे मला कळत नाही. लोकांना वाटतं मोबाइलवर रंगीत गोळ्या जुळवत असेल. तसले गेम नाहीत. माझ्या गेममध्ये जग संपलेलं असतं.

कधी बॉम्बने संपतं, कधी रोगाने, कधी नुसतं पाणी आटून. पाच-सहा माणसं उरतात. एकाला जखमा बांधता येतात, एकाचा नेम चांगला, एक नुसता बोलून बंद दार उघडायला लावतो. ही माणसं घेऊन पडक्या वस्त्यांमधून चालायचं. कुणाशी भांडायचं, कुणाला सोडून द्यायचं, उरलेलं शेवटचं औषध कुणाला, हे सगळं आपण ठरवायचं.

मला हे का आवडतं ते मी बऱ्याच जणांना सांगून पाहिलंय. मी घाटकोपरच्या डोंगरावर दहा बाय बाराच्या खोलीत वाढले. पाणी खालून आणायचं, कुठला डबा कशाला वापरायचा ते ठरलेलं, फुटकी बादलीसुद्धा टाकायची नाही. त्यामुळे जग संपल्यावर काय करायचं हे मला शिकवावं लागत नाही. ऑफिसातली चांगल्या घरची मुलं हा गेम दोन दिवसांत तहानेने मरून सोडून देतात. मी मरत नाही. शिवाय तिथे तुम्ही कुठल्या, आडनाव काय, असं कुणी विचारत नाही. तुला काय येतं, एवढाच प्रश्न.

पण नुसतं तेवढंच असतं तर मी वर्षाभरात कंटाळले असते. मला ओढतात ती रिकामी घरं. टेबलावर अर्धी प्लेट. भिंतीवर मुलांची उंची मोजलेल्या रेघा, एका रेघेनंतर वर काहीच नाही. कपाटात चिठ्ठी, की आम्ही उत्तरेला जातोय, मागून ये. चिठ्ठी तिथेच आहे, म्हणजे मागून कुणी आलंच नाही. अशी एकही चिठ्ठी मी न वाचता पुढे जात नाही.

आणि मग छावणी. तुकडीत जागा चौघांनाच. माणसं सहा असली तरी चालायचे चौघे, बाकीचे शेकोटीपाशी थांबतात. आपण आठ दिवस फिरून आलो तरी ती त्याच जागी, तशीच उभी. माझ्या छावणीत यंत्रं दुरुस्त करणारी एक बाई आहे. जवळ गेलं की ती एकच वाक्य बोलते, इंग्रजीत. मराठीत सांगायचं तर, "आलात? मी आहे इथेच." ते वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा लॅपटॉप मिटून बाल्कनीत जाऊन उभी राहिले होते.

कारण मी माझ्या बहिणीला असंच मागे ठेवलंय. तिला ते माहीत नव्हतं.

ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. ती दहावी झाली त्याच उन्हाळ्यात आईचं अर्धं अंग गेलं. बाप पंख्यांच्या कारखान्यात, पाळी सोडता येत नव्हती. बापाने सरळ सांगितलं, "थोरलीला कॉलेज मिळालं तर धाकटीने वर्षभर शाळा सोडून आईकडे बघायचं. नाही मिळालं तर थोरली घरी." बापाला आम्ही दोघी शिकायला हव्या होत्या. त्याच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता, त्याला मी दोष देत नाही.

कॉलेजच्या बोर्डावर पहिली यादी लागली तेव्हा ताई आईला न्हाऊ घालत होती. म्हणून मी गेले. चौदा वर्षांची, शाळेच्या गणवेशात. कागद नुकतेच चिकटवलेले, खळ ओली होती. मी बोट खाली खाली नेलं आणि ते ताईच्या नावावर थांबलं. मी बराच वेळ बोट तिथून काढलं नाही. मग घरी येऊन म्हटलं, नाव नाही. ताई म्हणाली, "नीट बघितलंस?" मी म्हटलं, "कटऑफ वर गेला म्हणतात." हे मी रस्त्यात जुळवलं होतं. प्रवेश घ्यायची मुदत तीन दिवसांची. ती गेली. पुढच्या यादीत नाव असायचं कारणच नव्हतं.

आई त्यानंतर सहा वर्षं होती. मी पदवीधर झाले तेव्हा ताईने वस्तीत पेढे वाटले.

आजही ऑफिसात कुठलीही यादी समोर आली की माझं बोट आपोआप खाली सरकतं आणि मध्येच थांबतं. शेजारची विचारते, काय शोधतेस? मी म्हणते, काही नाही.

यंदा मार्चमध्ये ताई मुलुंडला भाजी घेऊन येताना पडली. डाव्या मनगटाला प्लास्टर. घरी राहिली तर ती एका हाताने पोळ्या लाटेल हे मला माहीत होतं. तिचा नवरा म्हणाला, "ने तुझ्याकडे, इथे ती ऐकायची नाही." मी तिला कांदिवलीला आणली आणि चार दिवस रजा टाकली. ताईला बसायची सवय नाही. पहिल्या दिवशी तिने माझे सगळे मसाल्याचे डबे एका हाताने पुसले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेम लावला तर शेजारी येऊन बसली.

"हे काय, लोकांची कपाटं उघडतेस बिनधास्त?"

"मेलीत गं ती माणसं."

"मेली म्हणून काय झालं? वरचं वर घे, खालचं राहू दे. कुणी आलंच मागून तर?"

मी हसले. मग खालच्या कप्प्यातलं खरंच राहू दिलं.

तासाभरात माउस तिच्या हातात. "उजवा रिकामाच आहे माझा," म्हणाली. मी वाचून मराठीत सांगायची, ती ठरवायची. तिने एका दरोडेखोराला पाणी देऊन सोडून दिलं, आणि बोलून दारं उघडवणाऱ्या त्या माणसाला नाव ठेवलं. "हा आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. काम शून्य, तोंड बघ." छावणीत परत आलो तेव्हा ती बाई बोलली.

"काय म्हणते ती?"

"आलात, मी आहे इथेच, म्हणते."

"मघाशी पण तेच म्हणाली ना?"

"तेवढंच येतं तिला."

ताईने माउस सोडला. "तू किती दिवस खेळतेस हे?"

"हा गेम? दोन महिने झाले."

"आणि हिला एकदाही नेली नाहीस? काय बाई आहेस गं तू."

मी तिला समजावलं, की जे फिरतात तेच शिकतात. शेकोटीपाशी बसलेल्यांना काहीच येत नाही. आता नेली तर पहिल्याच मारामारीत वाट लागेल.

"नेल्याशिवाय शिकेल कशी? त्या सेक्रेटरीला बसव, हिला घे."

घेतली. जुन्या पंपाच्या घरात तिघे अंगावर आले आणि ती बाई दुसऱ्याच फटक्याला पडली. या गेममध्ये मेलेलं माणूस परत उठत नाही. तिच्या पेटीतली पकड आणि तारा जमिनीवर सांडल्या.

"गेली?"

"गेली. थांब, मी मागच्या टप्प्यापासून परत सुरू करते."

"नको," ताई म्हणाली. ती त्या तारांकडे बघत होती. "काहींना नाहीच जमत गं. बसल्या जागी बरी होती ती. माझंच बघ. तेव्हा वाटायचं, नाव लागलं असतं तर. आता वाटतं बरंच झालं. तीन टक्के कमी पडलेली पोरगी कॉलेजात जाऊन काय दिवे लावणार होती? माझ्या पोरीला पण मी सांगते, डोकं मावशीचं घे, माझं नको."

हे तीन टक्के कुठून आले? मी तर आकडा सांगितलाच नव्हता. तिनेच कधीतरी मनात हिशेब मांडला असणार, आणि तेवढा उणेपणा चोवीस वर्षं बाळगला असणार. तिचं कॉलेज हुकलं हे मला रोज माहीत होतं. ती स्वतःला मठ्ठ समजून जगली, हे मला त्या दुपारी कळलं.

"ताई, तुझं नाव लागलं होतं."

"कुठे?"

"यादीत. पहिल्याच. मी बघितलं होतं."

ती स्क्रीनकडेच बघत राहिली. खाली स्टेशनवर लोकलची घोषणा होत होती.

"कितवं?"

"एकेचाळिसावं."

"किती नावं होती?"

"एकशेवीस."

"म्हणजे काठावर नव्हतं."

"नाही."

"कटऑफचं?"

"मी रस्त्यात जुळवलं. मला शाळा सोडायची नव्हती."

ती मला मारेल असं वाटलं. मारायला हवं होतं. तिने प्लास्टरचा हात उशीवर नीट ठेवला आणि म्हणाली, "चहा टाक."

मी आत गेले. पाणी उकळत होतं तेव्हा बाहेर ताईचा आवाज आला. तिने पोरीला फोन लावला होता. पोरगी बारावीला आहे, आणि ताई फोनवर नेहमी स्पीकर लावूनच बोलते.

"अगं, ऐक. माझं नाव लागलं होतं कॉलेजला. एकेचाळिसावं. एकशेवीसमध्ये." तिचा असा आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. ती तो आकडा पुन्हा एकदा म्हणाली, सावकाश.

"काय सांगतेस मम्मी? मग गेली का नाहीस?"

मी गॅस बारीक केला. मग पावलं आली, आणि ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून फोन माझ्यापुढे धरून म्हणाली, "ते तुझ्या मावशीला विचार."

मी हात पुसले. या पोरीच्या अभ्यासाच्या टेबलावर माझा पदवीच्या काळ्या झग्यातला फोटो आहे.

"मावशी?"

"हो गं. ऐक. मी तेव्हा चौदा वर्षांची होते, आणि घरी आजी..."

"वय नको सांगूस," ताई म्हणाली. "काय केलंस ते सांग."