लाडी हाजेकची गिटार आणि गोधडीआडची व्हेर्ना

नावातच लाडी असला तरी लाडी हाजेकला लाडीगोडी लावणं जन्मात जमलं नाही. तोंडाने जमत नव्हतं ते सगळं तो पेडल स्टील गिटारवर काढायचा. आठवडाभर कापूस आणि गुरं. रविवारी दुपारी मात्र वेसेलका गावच्या चर्चमागल्या लाकडी नाचघरात बस्टर टिप्टनचा बँड. अख्ख्या दक्षिण टेक्ससमध्ये बस्टरइतकी दुःखी गाणी कुणी गात नसे. बायको सोडून गेली, कुत्रा मेला, ट्रक बंद पडला. त्याची ओळ संपली की लाडीची गिटार तीच ओळ हुंदका देऊन पुन्हा सांगायची, आणि बायका रुमाल काढायच्या. हुंदका देणारा लाडी त्या वेळी कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेला गोड पाव, चघळत असायचा.

ही गिटार काही गळ्यात अडकवायची नव्हे. टेबलासारखी पायांवर उभी असते. डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या, आणि डाव्या पावलाने खालच्या तीन पट्ट्या दाबून सूर वर चढवायचा. रडं येतं ते त्या पट्ट्यांतून. आणि ऐन ऑगस्टात, चर्चच्या जत्रेच्या तोंडावर, लाडीचा नेमका डावा पायच मोडला.

"रूफसने पाय दिला," गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालून घरी आल्यावर त्याने बायकोला, व्हेर्नाला, सांगितलं.

रूफस म्हणजे त्यांचा बैल. व्हेर्नाने त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलेला. तिला धक्काच बसला. तिने त्याच दिवशी रूफसची काकवी बंद केली, आणि त्याच्याशी बोलणंही. बैल बापडा कुंपणाला नाक लावून उभा राहायचा आणि ती तोंड फिरवून कोंबड्यांकडे निघून जायची. लाडी ओसरीवरून हे सगळं नुसतं बघायचा.

जत्रेचं काय करायचं, याच्यावर तोडगाही व्हेर्नानेच काढला. "पट्ट्याच दाबायच्या ना? मी खाली बसते. तू सांग, मी दाबते."

"बस्टरला कळलं तर?"

"काय होईल?"

"अर्धी गिटार बायको वाजवते म्हणून गावभर सांगेल."

मग घरी बसून तालीम झाली. लाडी हळूच "एक" म्हणाला की पहिली पट्टी, "दोन" म्हणाला की दुसरी, "सोड" म्हणाला की हात वर. जत्रेच्या दिवशी सगळे भाजलेल्या मांसासाठी रांगेत असताना लाडीने गिटारच्या पुढून गोधडी सोडली आणि व्हेर्ना आत शिरली.

पहिली गाणी झकास झाली. उकाड्याने तिचा जीव चालला होता, एकदा गोधडी शिंकलीसुद्धा. पण लाडीने लगेच नाक पुसून वेळ मारून नेली.

मग बस्टरने माइक हातात घेतला. "मंडळी, आपल्या लाडीसाठी टाळ्या! चाकांचे बूट घालून गडी माझ्याशी पैज लावून घसरायला गेला, आणि थेट सरबताच्या टेबलात घुसला! पाय मोडला, पण वाजवायचं सोडलं नाही!"

टाळ्या पडल्या. गोधडी एकदम स्तब्ध झाली.

बस्टरने आपलं सगळ्यात दुःखी गाणं सुरू केलं. पहिली ओळ संपली. लाडीने तार छेडली आणि पुटपुटला, "एक."

काहीच झालं नाही. हुंदका यायचा तिथे नुसतं टँग वाजलं.

"व्हेर्ना, एक!"

"बैल होता की चाकं?" खालून आवाज आला.

"नंतर सांगतो. दोन!"

तिने तिन्ही पट्ट्या एकदम दाबल्या. गिटार शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखी किंचाळली. नाचणारी जोडपी एकमेकांच्या पायांवर पडली.

"सोड! सोड म्हणतो ना!"

"माझ्या बाळाची काकवी बंद केली मी! तुझ्या शब्दावर! खोटारड्या!" आणि प्रत्येक शब्दाला एक पट्टी. सूर वर, खाली, पुन्हा वर. बस्टर मेलेल्या कुत्र्याबद्दल गात होता आणि त्याच्यामागे गिटार चक्क शिव्या देत होती. पुढच्या बाकावरचे म्हातारे हसून हसून टोप्या तोंडावर धरू लागले.

लाडीचा धीर सुटला. तो एका पायावर उभा राहिला आणि ओरडला, "बैल निर्दोष आहे!"

सगळं थांबलं. बस्टरचं तोंड उघडंच राहिलं. गोधडी बाजूला झाली आणि व्हेर्ना बाहेर आली, लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले. तिने सगळ्या नाचघराकडे बघितलं.

"आता कसं," ती म्हणाली. "बस्टर, पुढचं कडवं घे. मी दाबते." आणि ती पुन्हा खाली बसली.

उरलेली दुपार तिने एकही पट्टी चुकवली नाही.

दुसऱ्या दिवशी लाडीला काकवीची बादली घेऊन कुंपणाशी जावं लागलं. व्हेर्ना पाठीमागे हातांची घडी घालून उभी. "माझं चुकलं, रूफस," लाडी म्हणाला. "टोपी काढून म्हण," व्हेर्ना म्हणाली. त्याने टोपी काढली. रूफसने आधी काकवी संपवली, मग टोपीची कड.

त्यानंतर बस्टरचे मोठे हाल झाले. तो दुःखाने डोळे मिटायला लागला की मागून कुणीतरी हमखास ओरडायचं, "बैल निर्दोष आहे!" मग कसलं रडं नि कसलं काय. आठवडाभर तो लाडीशी बोलला नाही, पण त्याच्याइतकं वाजवणारा दुसरा कुणी मिळेना.

प्लास्टर निघालं आणि लाडी पुन्हा स्वतःच्या पायाने वाजवू लागला. व्हेर्ना आता समोरच्या बाकावर बसायची, पंखा हलवत. मधेच तिथून आवाज यायचा, "दोन, लाडी! दोन!" सगळे वळून बघायचे. लाडी कोलाचे गिळायचा आणि निमूटपणे दुसरी पट्टी दाबायचा. बहुतेक वेळा तिचंच बरोबर असायचं.